सुकेळी लावलेली मढी

मी कॅमेऱ्यासमोर धडधडीत खोटं बोललो, आणि तेही अशा माणसाच्या बाबतीत, ज्याच्याइतका चौकस प्राणी अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या बायकोचे आगाशीचे मामा. केळीची वाडी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जगाची उलटतपासणी घ्यायची, हे दोनच उद्योग त्यांनी जन्मभर केले. चंदनसारला आमच्या वास्तुशांतीला पाहुणे घर बघत होते, तर मामा खाली वॉचमनला गाठून विचारत होते, "लिफ्ट वर गेली की मागे उरलेल्या भोकात काय असतं हो?"

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी हौसेने एक झॉम्बीपट काढला. मी सहायक दिग्दर्शक होतो, आणि नवा जावई असल्याने चित्रीकरणासाठी मामांची वाडी हक्काने मागितली. मढी उठून केळीतून चालत येतात, एवढी गोष्ट ऐकली आणि मामांचं जेवणातलं लक्ष उडालं. मढं आधी डावा पाय टाकील की उजवा? हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं, मग सायकल मारत पापडीला जाऊन ओळखीच्या फादरांनाही विचारलं. फादर म्हणाले, "आमचे उठले की थेट वर जाणार. चालायचा प्रश्नच नाही."

पहिल्याच दिवशी रबराच्या जखमा घामाने गळून पडायला लागल्या. मामांनी घरातून सुकेळी आणली, म्हणजे आगाशीची ती उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आणि एक चेपून माझ्या गालावर थापली. "बघा जावई, पंधरा दिवसांचं मढं!" माश्यासुद्धा फसल्या. अडचण एवढीच, की दुपारपर्यंत निम्म्या मढ्यांनी आपापल्या जखमा खाऊन टाकल्या. मामी ओरडल्या, "पाहुण्यांची सुकेळी मढ्यांना फासलीत?"

सिनेमा आठवडाभरात पडला. हल्ली मात्र तरुण पोरं त्याचे संवाद पाठ म्हणतात, आणि एक मुलगी तो कसा बनला यावर माहितीपट करायला आली. तिने मला विचारलं, "ती सडलेली कातडी कुणाला सुचली?" मला इतक्या उत्सुकतेने कुणी काही विचारलं त्याला किती वर्षं झाली होती! मी म्हणालो, "मला."

माहितीपट आगाशीतच दाखवला. "आज माझी सुकेळी बघा," असं सांगत मामांनी घरोघरी आमंत्रण केलं होतं. पडद्यावर मी बोललो तेव्हा शेजारचे त्यांच्याकडे बघायला लागले. मामा खुर्चीवरची टोपी उचलून हळूच बाहेर गेले. मी मागे गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अंगणात मामा वाळत घातलेली केळी एकेक करून उलटत होते. मी समोर उकिडवा बसलो.

"मामा, ते तुमचं होतं. मी खोटं बोललो. त्या मुलीला फोन करून खरं सांगितलंय, ती तुमच्याकडे येतेय. काल सगळ्यांसमोर तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे. मला माफ करा."