तिरका जाडा

माजिवड्याला माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर, काचांवर, बोर्डांवर अक्षरं कापून चिकटवायची. अशा धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, शटर वर करायच्या आधीच एखादं गिऱ्हाईक नवा घेऊन उभं असतं. त्यातले निम्मे एकाच फॉन्टचे. जाड, उजवीकडे झुकलेला, कुठे नक्षी नाही. कंप्युटरवर तो बोल्ड इटालिक, दुकानात तिरका जाडा. हल्ली त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

*

एका टेम्पोवाल्याने दोन्ही बाजूंना आईचं नाव तिरक्या जाड्यात लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"उजवीकडून गाडी पळतेय, डावीकडून रिव्हर्स जातेय."

खरं होतं. डाव्या बाजूला गाडीचं तोंड एकीकडे, अक्षरांचा कल दुसरीकडे. सगळं खरवडून अक्षरं उलटी झुकवली. मग विचारलं, "आता दोन्हीकडून पळतेय. ब्रेक ठीक आहेत ना?"

"ते दिवाळीनंतर बघू."

*

दिवा गावची एक क्रिकेट टीम आलेली. जर्सीवर अकरा नावं, याच फॉन्टमध्ये. काय दिसली पोरं! म्हणजे फॉन्टवर माझा राग नाही. घाईत निघालेल्या माणसाचा स्वभाव आहे त्याचा. अँब्युलन्सवर शोभतो.

पण नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरांनाही दारावर तोच पाहिजे. "पेशंटला वाटलं पाहिजे, इथे काम झटपट होतं." माझी दाढ तेव्हा ठणकत होती. तरी मी दुसरीकडे गेलो.

*

एक तरुण आजोबांच्या श्रद्धांजलीचा बोर्ड करायला आला.

"तिरका जाडा टाका. पॉवर वाटली पाहिजे."

"अरे, माणूस गेलाय."

"म्हणूनच. जाताना दिसले पाहिजेत."

मी त्याला हाकलला. तो समोरच्या दुकानातून करून घेऊन गेला.

*

आणि हा आमच्याच सोसायटीतला. वॉचमन साळवेंची मुलगी दुसरीत आहे. गेटमधून सुसाट आलेली स्कूटर तिच्या पायावरून गेली. प्लास्टर घातलं. साळवे हात जोडून कमिटीपुढे उभे राहिले, तेव्हा कुठे एक बोर्ड मंजूर झाला: हळू चालवा, मुले आहेत.

सेक्रेटरी दुकानात आले. "तिरका टाक रे. सरळ अक्षरं मेल्यासारखी दिसतात."

माझी सटकली. "साहेब, हळू लिहायचंय. ही अक्षरं बघून माणूस अजून ॲक्सिलरेटर दाबेल. पोरीचा एक पाय मोडला तेवढा पुरे नाही का?"

"तू आर्टिस्ट आहेस की कमिटी मेंबर?"

मी ऐकलं नाही. सरळ, उभी, ठळक अक्षरं कापली आणि गेटजवळ खांब रोवून बोर्ड स्वतः लावला.

आठवड्याने संध्याकाळी गेटकडून धाडकन आवाज आला. मी धावत गेलो. सेक्रेटरींची गाडी वळणावर न थांबता थेट खांबावर. दोन हातांवर साळवेंची मुलगी स्टुलावर बसलेली, प्लास्टरचा पाय पुढे करून. साळवेंनी झटकन तिला उचलून छातीशी धरलं.

खांब पडला नव्हता. बोर्डासकट उजवीकडे कलला होता.

सेक्रेटरी उतरले. आधी बंपर बघितला. मग दोन पावलं मागे जाऊन बोर्ड बघितला आणि मला म्हणाले, "बघ, आता कसा फोर्स आला."