फरशीच्या बादलीतलं पाणी

लेक पंधरा दिवस बाहेरगावी गेली आणि तिची काचेची टाकी माझ्या अंगावर आली. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या बंद गॅलरीत ती असते: खारं पाणी, एक पंप, एक दिवा आणि कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेलं करंगळीएवढं लाल समुद्री शेवाळ. त्याची वाढ हाच तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प. रोजची कामं तिने वहीत लिहून दिली होती. त्यातलं एक: जेवढं पाणी उडून जाईल तेवढं फिल्टरचं पाणी खुणेपर्यंत भरणे. पुढे टिक.

प्यायचं पाणी टाकीत ओतायला माझा हात धजेना. आमचा फिल्टर एक तांब्या देतो आणि दोन फेकतो. ते फेकलेलं मी फरशी पुसायला बादलीत धरते. चवीला किंचित खारट. टाकीतलंही खारटच, मग बिघडलं कुठे? बादलीतलं ओतलं आणि टिक केली.

चौथ्या दिवशी काचेवर हिरवी लव आली. सहाव्या दिवशी ओल्या कागदासारखे पातळ पापुद्रे. मी काढून टाकले, तर दुसऱ्या सकाळी दुप्पट. दुपारी ऊन आलं की त्यांवर बारीक बुडबुडे धरायचे आणि सगळा हिरवा पडदा सावकाश वर उठायचा. संध्याकाळी परत खाली बसायचा. घरभर समुद्राचा वास. मी गॅलरीचं दार लावून घ्यायला लागले.

"कोशिंबीर कर त्याची," नवरा म्हणाला. पण त्या दाराकडे पाठ करून तोही बसेना.

दहाव्या दिवशी लाल शेवाळ दिसेचना. लेकीला फोन केला.

"आई, पाणी कुठलं घालतेस?"

"बादलीतलं."

"अगं, फिल्टरने काढलेलं सगळं त्यातच साठतं. सध्या टँकर येतोय ना, बोअरचं पाणी. त्यातलं नायट्रेट म्हणजे हिरव्याला खत. ते भराभर वाढतं आणि लालचा उजेड अडवतं. बघ, काही उरलंय का."

मी कोपरापर्यंत हात घातला. हिरवं मनगटाला गुंडाळलं गेलं. तळाशी लाल सापडलं, पांढरं पडलेलं. एक टोक तेवढं लाल होतं.

"टोक असेल तर जगेल कदाचित," ती म्हणाली. "पण वहीत खरं लिही. नाहीतर माझं सगळंच खोटं ठरेल."

हात दोनदा साबणाने धुतला आणि वही घेतली. नेटक्या दहा टिका. एकेक खोडून पुढे 'बादली' लिहीत गेले. दहाव्या ओळीवर आले तेव्हा दिसलं, मनगटावर एक हिरवा धागा अजून चिकटलेला होता.