विनंती मजूर व्हावी

हलक्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हे व्रत माझ्या बायकोच्या मामांनी जितक्या निष्ठेने पाळलं, तितक्या निष्ठेने अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कोणी एकादशीही पाळली नसेल. त्यांची सायकल उचलायला दोन माणसं लागत. दुकानाचं कुलूप पितळेचं आणि एवढं दांडगं होतं की एखाद्या चोराने दुकान सोडून कुलूपच नेलं असतं. कुणी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली की मामा आधी ती एका हाताने उचलून बघत आणि मग उभ्यानेच चहा घेत. आमचं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी म्हणे माझं वजन विचारलं होतं आणि आकडा ऐकून सासऱ्यांना सांगितलं होतं, "पोरगा हलका हाय, पन चालते." हा निर्वाळा आमच्या घरात अजूनही अधूनमधून माझ्या तोंडावर फेकला जातो.

मामांचं टायपिंगचं दुकान कोर्टासमोर होतं. तिथे बसून ते लोकांचे अर्ज टाइप करून देत. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण मामांच्या लेखी तोही टाइपरायटरच. फक्त त्याचा कळफलक आवाज कमी करतो एवढाच फरक. एकदा केलेला अर्ज साठवून ठेवावा आणि पुढच्या माणसासाठी नुसतं नावगाव बदलावं, ही सोय मी त्यांना तीनदा दाखवली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला कॉम्प्युटर कळतो असा सासरच्यांचा समज आहे. मामांनी तिन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या नावावर खपवणं बरं दिसत नाही, असं म्हणून पुन्हा कोऱ्या पानापासून सुरुवात केली. गंमत अशी की मजकूर मात्र दरवेळी अक्षरशः तोच असायचा. ओळी तोंडाने मोजत ते टाइप करत आणि शेवटचं विनंतीचं वाक्य अठराव्या ओळीवरच आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. गाऱ्हाणं लहान असलं तर मध्ये रिकाम्या ओळी सोडत. मोठं असलं तर समोरच्याला कमी बोलायला सांगत. एक शब्द टाइप करायचा, मान वर करून तो पडद्यावर नीट उमटलाय का बघायचं, आणि मग दुसरा.

तो पडदा म्हणजे मागे भलीमोठी ढेरी असलेला जुना मॉनिटर. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला डबा म्हणत. टेबलाची तीन हिस्से जागा त्याची आणि उरलेली मामांची, त्यामुळे मामांची पाठ जवळजवळ रस्त्यावरच असे. चालू असला की डब्याचा माथा छान गरम व्हायचा. त्यावर पावसाळ्यात लोकांचे भिजलेले सातबारे वाळत आणि बारा वाजता मामी जेवणाचा डबा आणून ठेवत, तो दोन वाजेपर्यंत ऊन राही. उन्हातून चालत आलेल्या मामी तोंडावर पाणी मारायच्या आधी कपाळावरची टिकली काढून पडद्याच्या काचेवर चिकटवत, घरी आरशाला चिकटवतात तशी. तोंड पुसलं की परत लावत. तेवढा वेळ मामा टायपिंग थांबवून बसत.

पुण्याच्या लेकीला बाळ झालं तेव्हा मामी तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. लेकीची नोकरी होती, बाळाला आजीशिवाय झोप येत नव्हती, आणि मामांना दुकान सोडवत नव्हतं. तुम्हीच इकडे या, असा मामींनी फारच धोशा लावला तेव्हा मामांनी फोनवर शब्द दिला, "हा डबा बंद पडला का दुकान बंद. मंग येतो तुयाकडे." मामींनी तो शब्द पदरात बांधून ठेवला. रोज फोनवर त्या आधी नातवाचं सांगत आणि मग डब्याची तब्येत विचारत. मामा सांगत, ठणठणीत आहे. इतक्या आशेने एखाद्या यंत्राच्या मरणाची वाट पाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जाताना मामी दुकानातूनच परस्पर गाडीवर गेल्या होत्या आणि गडबडीत त्यांची टिकली काचेवरच राहिली. बाजरीच्या दाण्याएवढी, गडद रंगाची. मामांनी ती काढली नाही. आली की लावेल, असं ते म्हणाले आणि कामाला लागले.

या टिकलीने पुढे जो घोटाळा केला तो उघडकीस यायला वर्ष गेलं. किन्हीराजा गावचा एक शेतकरी शेतरस्त्याचा अर्ज घेऊन तहसीलमध्ये गेला. तिथल्या कारकुनाने शेवटची ओळ चार लोकांसमोर मोठ्याने वाचली, "तरी अर्जदाराचा अर्ज मजूर करण्यात यावा," आणि अर्जाला कोणत्या कामावर पाठवायचं ते विचारलं. तो गृहस्थ तडक दुकानात आला. त्याचं म्हणणं, अठरा एकराच्या मालकाला भर कचेरीत मजूर केलं. मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे स्पष्ट 'मंजूर' होतं. कागदावर मात्र 'मजूर'. मला निरोप आला. मी कॉम्प्युटरची वायर हलवली, प्रिंटर हलवला, विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला जे काही हलवता येतं ते सगळं हलवलं. शेवटी मजकूर एक ओळ वर सरकवला आणि टिंब जागच्या जागी राहिलं. अठराव्या ओळीतल्या त्या 'म'वर बरोबर मामींची टिकली बसली होती. मामा 'म' टाइप करत, मान वर करून बघत, टिंब दिसे, पुढे जात. वर्षभर त्यांनी निम्म्या तालुक्याचे अर्ज मजूर करून ठेवले होते.

टिकली दोन बोटं वर सरकवा, एवढाच उपाय मी सुचवला. मामांना तो पटला नाही. अठरावी ओळ सतरावी करायचीही त्यांची तयारी नव्हती. छापून आलेल्या प्रत्येक कागदावर ते पेनाने टिंब द्यायला लागले. शेतकऱ्याच्या अर्जावर तर त्यांनी एवढं ठसठशीत टिंब दिलं की तो खूश होऊन गेला.

मग यंदाच्या उन्हाळ्यात डबा खरोखरच आजारी पडला. चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायला लागलं, अक्षरं हिरवी दिसू लागली. आणि एक दिवस मामा मला म्हणाले, चला, चपटा पाहून येऊ. मी ही बातमी सहज घरी सांगितली आणि बायकोने ती सहज मामींना सांगितली. त्यानंतर तीन दिवस मामींचा फोन आला नाही. नवा पडदा आला म्हणजे दुकान आणखी दहा वर्षं चालणार, हे समजायला विज्ञान लागत नाही. मलाही मामांचा राग आला. शब्द मोडायचाच होता तर तो असा बाजारात जाऊन, मला सोबत घेऊन मोडायची काय गरज होती?

तरी गेलो. पहिल्या दुकानदाराने इंच सांगितले. मामांनी किलो विचारले. त्याने रंग किती झळाळतात ते दाखवलं, मामांनी पडदा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि जड आहे म्हणून खाली ठेवला. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यातही तेच. ज्या माणसाने आयुष्यभर हलक्याला नावं ठेवली तो पडद्यामागून पडदा जड म्हणून नाकारत होता. शिवाय त्यांच्याजवळ मामींची कापडी पिशवी होती, बाजाराची. पसंत पडलेला प्रत्येक नमुना ते तिच्यात घालून बघत आणि तोंड बांधता येत नाही म्हणून परत देत. पडदा भिंतीला लावायचा असतो, पिशवीत घालायचा नसतो, असं एका दुकानदाराने त्यांना हात जोडून सांगितलं. आम्ही पंधरा दिवसांत चारदा हिंडलो. शेवटी एक बेताचा पडदा पिशवीत मावला. मामांनी पिशवी खांद्याला अडकवली, दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि हाच द्या म्हणाले.

त्याच आठवड्यात डबा गेला. टक् असा आवाज झाला आणि मध्ये एक पांढरा ठिपका राहून तोही विझला. मी गेलो तेव्हा मामा काळ्या काचेसमोर बसले होते. नवा पडदा पिशवीतच होता. लावून देऊ का, असं मी जरा तुटकपणेच विचारलं. शब्दाचीही आठवण करून दिली.

"जवाईबुवा," मामा म्हणाले, "म्या दुकान बंद करीन म्हन्लं होतं. टायपिंग बंद करीन असं कवा म्हन्लं?" मग पिशवीकडे बोट करून म्हणाले, "तिकडं जावयाचा जुना सीपीयू पडून हाय. पडदा तेवढा नाई. ट्रॅव्हल्समंदी मांडीवर घेऊन बसाचं, रातभर. जड कसा चालन?"

मामांनी नखाने टिकली काढायला घेतली. दोन वर्षांत तिचा गोंद सुकला होता. ती निघाली आणि निघताक्षणी कुठेतरी पडली. आम्ही दोघांनी टेबल सरकवलं, केर चाळला, मी तर गुडघ्यांवर बसलो. सापडली नाही. मामा जाऊ द्या म्हणाले, पण निघताना त्यांनी आणखी एकदा टेबलाखाली वाकून पाहिलं. डबा भंगारवाल्याने नेला. त्याला तो एकट्याने उचलेना, ही गोष्ट मामा तिथे असते तर त्यांना आवडली असती.

आता त्या जागी झेरॉक्सवाला बसतो. त्याची मशीन हलकी आहे. कोर्टावरून जाताना माझी मान सवयीने तिकडे वळते आणि रस्त्याकडे पाठ केलेलं कोणी दिसत नाही, तेव्हा चुकल्यासारखं होतं. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

परवा पुण्याहून टपालाने एक कागद आला. वर 'विषय : दिवाळीस येणेबाबत'. खाली अर्जदाराने नातवाला दोन दाढा आल्याचं आणि मामींचे गुडघे दुखत असल्याचं सविस्तर नमूद केलं होतं. मधल्या ओळी रिकाम्या. अठराव्या ओळीवर लिहिलं होतं, "तरी आपण उभयतांनी दिवाळीस इकडे यावे, ही नम्र विनंती मजूर व्हावी."

बायको वाचून म्हणाली, मामांचं आता वय झालं. मी टिंब द्यायला पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं. नव्या पडद्याला टिकली चिकटते तर.