तळाचं धान

शिक्षकांच्या शिबिरात मी तीन बियांचा प्रयोग करून दाखवतो. काचेचा गिलास, त्यात उभी पट्टी, पट्टीला वर, मध्ये आणि तळाशी बांधलेले तीन हरभरे, आणि मधल्याच्या कमरेपर्यंत पाणी. वरच्याला पाणी नाही, तळाच्याला हवा नाही, मधल्याला दोन्ही आहे, म्हणून मधलाच रुजतो. पहिल्या दिवशी गिलास मांडतो, निरोपाच्या दिवशी कोंब दाखवतो. शिक्षक टाळ्या वाजवतात. त्या हरभऱ्यासाठी असतात की शिबिर संपलं म्हणून, हे मी कधी विचारलेलं नाही.

गेल्या शिबिरात झाडीपट्टीतला एक तरुण शिक्षक उभा राहिला. "सर, हरभऱ्याऐवजी धान घेतलं तर चालेल का?"

मी म्हणालो, "नाही." आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाला अजून वीस मिनिटं अवकाश होता.

याच प्रयोगावर मी एक हस्तपुस्तिका लिहिलेली आहे. तिच्यात माझ्या हातचं वाक्य आहे, 'धान घेऊ नये, अनुमान चुकते.' इतक्या वर्षांत कुणी कारण विचारलं नाही. छापलेल्या सूचनेला कारण विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि त्या पद्धतीचा मला फार उपयोग झाला.

कारण आता सांगतो.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मूल या तालुक्याच्या गावापलीकडे, तलावाच्या पाळीला टेकलेल्या एका गावात एकशिक्षकी शाळा होती, तिथे मला नेमलं. चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी. मी वर्ध्याकडचा, ज्वारीच्या मुलखातला. धान मी ताटात पाहिलं होतं, तेही तांदूळ होऊन आल्यावर. नोकरी कच्ची होती. डिप्टीसाहेब शाळा तपासायला यायचे, शेरेबुकात शेरा लिहायचे, आणि त्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी जाणार हे ठरायचं होतं.

त्या वर्षी वरून पत्रक आलं. मुलांनी विज्ञान पाठ करू नये, स्वतःच्या हातांनी करावे. 'स्वतःच्या हातांनी'खाली रेघ होती. पत्रकाबरोबर एक लाकडी पेटी आली. तिच्यात लोहचुंबक, भिंग, एक काचनळी आणि फुटलेल्या दुसऱ्या काचनळीचे तुकडे. मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. वस्तू हरवली तर भरपाई माझ्याकडून, मग मुलांचे हात कशाला मध्ये? लोहचुंबकाच्या दिवशी चुंबक मी धरला, टाचणी मी धरली, आणि मुलांनी चार हातांवरून पाहिलं. पत्रकाला उत्तर लिहिलं, 'मुले आनंदाने प्रयोग करतात.'

तीच मुलं तलावावर वाळक्या भोपळ्याला दोरी बांधून त्याच्या आधारावर तरंगायची, जाळ्याला किती खडे बांधले की ते बुडतं हे हाताने तोलून सांगायची. त्याला मी शाळा बुडवणं म्हणायचो आणि छड्या द्यायचो.

चौथीत एकच मुलगी होती. बाप तलावात मासे धरायचा, आई गावातल्या मोठ्या घरी मजुरीला. तांदळाचा दाणा तुटू नये म्हणून त्या घरी धान कांडण्याआधी उकडायचे. आई मोठ्या हंड्यात धान उकडायची, पोरगी अंगणात ते वाळवून कोंबड्या हाकलायची आणि मग शाळेत यायची. एकदा आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत काही आली नाही.

"गुरुजी, पोरगी चौथी पास होईन का जी?"

"होईल की. हुशार आहे."

"झाली त मामाकडे मूलले पाठवतो, पाचवीत. नाई त तिचा बाप म्हणते, पोरीच्या जातीले चार बुकं पुरे, उद्यापासून मासोऱ्या विकाले बसव."

चौथीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी तपासणीच्या दिवशी डिप्टीसाहेबांच्या सहीने जायची. त्या मुलीचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं होतं. हे खरं आहे.

फाल्गुनात तपासणीचा निरोप आला. मोह गळायला लागला होता. निम्मी शाळा झाडांखाली फुलं वेचत होती, ती मी दटावून परत आणली. मग पत्रकातला तीन बियांचा प्रयोग मांडायला घेतला. हरभरे भिजत घालून खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी.

"कोणी खाल्ले?"

मागच्या रांगेतून शांतपणे उत्तर आलं, "भिजले होते जी. वाया गेले असते."

दुसऱ्यांदा ठेवले, दुसऱ्यांदा गेले. गावात विज्ञान पचनी पडलं ते एवढंच. तेव्हा मला वाटलं, धान घ्यावं. तूस असतं, कोणी खाणार नाही. पाटलांकडून चहाचा काचेचा गिलास मागून आणला, तीन दाणे बांधले, आणि रंगीत खडूने, वेलबुट्टी काढून, फळ्यावर आधी अनुमान लिहून टाकलं, 'तळाच्या बीला हवा मिळत नाही म्हणून ते रुजत नाही.' साहित्य, कृती आणि निरीक्षण नंतर लिहिणार होतो.

ती मुलगी फळा वाचून म्हणाली, "गुरुजी, धान त पाण्यात फुटतेच."

"पुस्तकात तसं नाही."

"बांधीत फुटते जी."

वर्ग हसला. धानाच्या बांधीत वर्षातले चार महिने काढणारी मुलं ती. मी छडी उचलली, हसणं थांबलं.

चौथ्या दिवशी तळाचा दाणा फुटला. पांढरा, दोऱ्यासारखा कोंब पाण्यातून सरळ वर निघाला होता. मुलगी नाक काचेला लावून बघत होती. "गुरुजी, मधल्याले मूळ आहे. याले मूळच नाई, नुसता कोंब. हा हवा धुंडाळून राह्यला काय जी?"

माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "जागेवर बस."

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. फळा पुसून अनुमान बदलता आलं असतं. पण वेलबुट्टी फार सुबक जमली होती, आणि पुस्तकाविरुद्ध लिहिलेला फळा कच्च्या नोकरीचा माणूस डिप्टीसाहेबांना कसा दाखवणार? दुपारच्या सुट्टीत मुलं पांगल्यावर मी माझ्या भाताच्या भगोण्यात चार दाणे उकडले, कोंबाचा दाणा सोडला आणि त्याच्या जागी उकडलेला बांधला.

डिप्टीसाहेब बैलांच्या रेंगीतून आले. पाटलांकडे चहा झाला होता, दुपारी मासोळीचं जेवण ठरलं होतं, मधल्या वेळात शाळा. गिलास पाहून ते खूश झाले.

"प्रयोग कोणी केला?"

"आम्ही केला," मुलं एका सुरात म्हणाली. एवढं मी घोटून घेतलं होतं.

पुढचं बोलायला मी त्या मुलीलाच उभं केलं होतं. आवाज स्वच्छ, आणि मुलगी पुढे असली की शेरा चांगला पडतो. ती गिलासाजवळ गेली. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"बोल, बाळ. तळाचं बी का नाही रुजलं?"

"हा उकडला आहे जी."

"काय?"

"उकडला धान. तोंड फाटते त्याचं. माझी माय उकडते न मोठ्या घरी. उकडला का मंग नाई उगवत." तिने बोट दाखवलं. "काल इथी कोंब होता. कोणं तरी बदलला."

ती तक्रार करत नव्हती. दिसलं ते सांगत होती. पत्रकात ज्याला निरीक्षण म्हटलं होतं ते हेच, हे तिथे बसलेल्यांत तिलाच ठाऊक होतं, आणि तिने पत्रक वाचलेलं नव्हतं.

डिप्टीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, सकाळची झाडलोट हिच्याकडे असते. हिच्या घरी उकडलेलं धान असतं. खेळता खेळता हिनेच बदललं असेल."

इतकं सफाईने बोललो की मलाच नवल वाटलं. पुरावा सगळा तिचाच होता. मी फक्त फिरवला.

"मी नाई बदलला जी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. रडली नाही. मी खरं काय ते सांगेन, असं तिला वाटत होतं.

डिप्टीसाहेबांना मासोळी दिसत होती. "खोटं बोलू नये," ते म्हणाले. "विज्ञान म्हणजे सत्य." मग यादी समोर ओढून त्यांनी पेन वरच्या नावावर टेकवलं. "हीच का? हिला बसवायचं आहे?"

एका 'हो'चा प्रश्न होता. पण हो म्हटलं तर जिला मी खोटी ठरवलं तिलाच पुढे पाठवतोय, हे कसं दिसेल? "अजून कच्ची आहे," मी म्हणालो. कच्चा कोण होता ते यादीत लिहिण्याची सोय नव्हती. नाव खोडलं गेलं. शेरेबुकात शेरा पडला, 'प्रयोगशील शिक्षक. मुले स्वतःच्या हातांनी शिकतात.' त्या शेऱ्यावर मी कायम झालो.

पाच दिवस ती आली नाही. सहाव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आली, दोन्ही हातांत पितळी गडवा धरून. गडव्यात बांबूच्या दोन काड्या होत्या. दोन्हींच्या तळाशी एकेक दाणा, झाडाच्या सालीच्या दोऱ्याने बांधलेला. तिने काड्या वर काढल्या. एका दाण्याला कोंब होता. दुसरा तोंड फाटून फुगलेला.

"हा उकडला. हा साधा. दोन्ही तळालेच ठेवले होते, जी. पाहा."

दोन्हींना पाणी सारखं, जागा सारखी, दिवस सारखे, फरक एकाच गोष्टीचा. हे असंच करायचं असतं, हे मी पुढे प्रशिक्षणात शिकलो आणि नंतर शिकवलं. दहा वर्षांच्या पोरीने ते घरच्या गडव्यात केलं होतं, आणि ते विज्ञानासाठी नव्हतं. आपण खोटं बोललो नाही, एवढंच तिला गुरुजींना दाखवायचं होतं. जणू गुरुजींना ते ठाऊक नव्हतं.

मी गडवा घेतला, दाराबाहेर पाणी ओतलं आणि रिकामा तिच्या हातात दिला. "घरी जा," म्हणालो.

ती गेली. आठवड्याने आई दारात आली. "गुरुजी, गावात म्हणून राह्यले, पोरीनं गुरुजीवर आळ घेतला. तिचा बाप लई भडकला. आता शाळा बंद म्हणते. तुम्ही एक डाव सांगा न त्याले." मी म्हणालो, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी माझी बदली चिमूरकडे झाली. मीच मागितली होती.

काही वर्षांनी मूलच्या बाजारात ती मासे विकताना दिसली. पाटीपुढे बसली होती, गिऱ्हाइकाशी भावावरून बोलत. मी भाजीच्या ओळीत वळलो. मासे घेतले नाहीत, आणि ती हाक मारते की काय, या भीतीने बाजार संपेपर्यंत मान वर केली नाही.

शिबिराहून परतल्यावर मी त्या तरुण शिक्षकाला कार्ड टाकलं. 'धान चालेल. पुस्तिकेतलं वाक्य खोडा. तळाच्या दाण्याकडे नीट पाहा, आणि मुलांना विचारा.'

काल त्याचं उत्तर आलं. 'आदरणीय सर, धान लावले. तळाचेही फुटले. वर्गातली एक मुलगी म्हणते, त्याला मूळ नाही. तपासणी सोमवारी आहे. फळ्यावर अनुमान काय लिहू, कृपया कळवावे.'

आज शुक्रवार. उत्तराचं कोरं कार्ड टेबलावर आहे. आधी हे लिहून घेतलं.