ओमानमध्ये नीट वागण्याची दोन पानी यादी

ओमानला गेलो ते सलमामुळे. सलमा माझी ऑफिसातली मैत्रीण, मूळची तिथली, सातवा महिना लागलेला. बाळंतपणाला आई मेलबर्नला यावी म्हणून तिचा जीव तुटत होता, आणि आई म्हणत होती, त्या परक्या लोकांत मी येणार नाही.

"तुम्ही भेटून या. तिला दिसू दे मी कसल्या माणसांत राहते," सलमा म्हणाली. म्हणजे आम्ही नमुना.

"नो वरीज, मी अभ्यास करतो," मंदार, माझा नवरा, म्हणाला. झालं. वागण्याच्या नियमांची दोन पानी यादी प्रिंट केली आणि विमानात वाचून दाखवली.

मस्कतच्या मोठ्या मशिदीत सकाळीच जा, नंतर बिगरमुस्लिमांना सोडत नाहीत. बायकांनी केस आणि मनगटं झाकायची. माझी ओढणी बोटभर सरकली की हा खोकायचा. बाजारात मी डाव्या हाताने खजूर घेतला, पुन्हा खोकला.

"यादीत आहे म्हणून सांगतोय."

"यादी घाल चुलीत."

पुढे गाडी भाड्याने घ्या. निझवाचा रस्ता उत्तम, पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. सलमाचं गाव त्याच्या थोडं पुढे, खजुरांच्या बागांत. पुरुष बाहेरच्या खोलीत जेवले, आम्ही बायका आत. पुरे म्हटलं की सलमाच्या आई आणखी भात वाढायच्या, अगदी आपल्याकडच्यासारखा आग्रह. कॉफी नको असेल तर कप हलवायचा, हे मात्र यादीतलं कामी आलं. कबूल.

निघताना आई दारापर्यंत आल्या. आणि आठवडाभर मला शिकवणारा हा शहाणा सरळ वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला.

परक्या बाईला हात लावायचा नाही. देवाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही. दोन्ही नियम पहिल्याच पानावर होते. आईंनी पाय मागे घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मस्कतपर्यंत मी मंदारला फाडून खाल्लं.

"हात आपोआप गेला गं," एवढंच तो म्हणत राहिला.

मेलबर्नला, ट्रुगानिनातल्या आमच्या घरी परतलो, तरी सलमाला तोंड दाखवायची हिंमत होईना. शेवटी तीच आली.

"आई विचारत होती, त्याला आई नाही का?"

नाही. सासूबाई गेल्या तेव्हा कोविडमुळे इथल्या सीमा बंद होत्या. मंदारने सगळं फोनवर पाहिलं. मी सलमाला तेवढंच सांगितलं.

काल सलमाच्या आईंचं तिकीट काढलं. त्यांचा निरोप आहे, लेकरं इतक्या लांब असली तर कुणीतरी जायला हवं. आणि त्याला सांगा, वाकायचं नाही, जेवायला यायचं.

मंदारला हे सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता. बराच वेळ एकच पातेलं घासत राहिला.