प्रिंटरचा जुना पत्ता

कुंदा परुळेकर बोलायला लागली की घाटकोपरच्या त्या ट्रान्सपोर्ट कचेरीखालच्या चहावाल्यालाही कळायचं, आज कोणाची तरी खरडपट्टी निघतेय. वडील गिरणीत होते. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय त्यांच्याकडून घरात आली आणि धाकट्या लेकीच्या गळ्यात कायमची राहिली. जुना प्रिंटर करकरत कागद ओढायचा, तेव्हापासून चलनाची खुर्ची तिची. तिच्या हातचं चलन मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे.

दसऱ्याची यंत्रपूजाही तिचीच. त्या दिवशी एकही यंत्र चालू ठेवायचं नाही, हा तिचा दंडक. कॉम्प्युटर, प्रिंटर, पंखा, वायफायचा डबा, सगळ्यांचे प्लग काढायचे, फडक्याने पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. यंदाही तिने तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी वाट लागली.

प्रिंटर एकच, सगळ्यांचा. कुंदाच्या पडद्यावर 'ऑफलाइन', शेजारच्या टेबलावरच्या दीप्तीच्या पडद्यावर 'ऑफलाइन'. प्रिंट निघत होती ती फक्त गाड्या पाठवणाऱ्या सुबोधच्या कॉम्प्युटरवरून.

"पाणी शिंपडलंत ना ताई? मग कनेक्शनं उडणारच," सुबोध खुर्चीत मागे रेलून म्हणाला.

"फडकं कोरडं होतं, सुबोध. तोंड सांभाळ."

"मी काय बोललो? प्रिंटच हवी ना? पेन ड्राइव्ह ठेवा. वेळ मिळाला की काढतो."

त्याला वेळ मिळत नसे. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि कुंदा हात बांधून त्याच्या टेबलापाशी उभी. गेल्या वर्षी चुकीची गाडी पाठवली म्हणून तिने गिऱ्हाइकासमोर त्याला सोलून काढलं होतं, त्याची तो सव्याज वसुली करत होता.

शुक्रवारी मालक नंदकिशोर साहेब केबिनबाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कुंदाताई, तुमच्या पूजेपायी गाड्या खोळंबतायत. पुढच्या वर्षीपासून पूजा बंद. आणि सोमवारपासून तुम्ही गोवंडीच्या गोदामात बसा. तिथे चलनं हातानेच लिहितात. इथलं सुबोध बघेल."

सुबोधने मान खाली घातली, पण ओठांवरचं हसू काही खाली गेलं नाही.

कुंदाचा चेहरा लाल झाला. गोवंडीला जायला तिची ना नव्हती. काम ते काम, कुठेही करावं. पण हातून यंत्र बिघडलं म्हणून, हा ठपका घेऊन जायचं? जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने बोरिवलीच्या भाचीला फोन लावला. प्रांजल कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती.

"मावशी, आधी रडगाणं बंद कर. प्रिंटरच्याच पडद्यावर जा, नेटवर्कचा रिपोर्ट काढ."

कागद सुळकन बाहेर आला. स्वच्छ, कुंकवाचा ठिपका नाही.

"म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे. त्यावर आयपी पत्ता आहे बघ. आता तुझ्या कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघड, पोर्ट्समध्ये काय लिहिलंय?"

कुंदाने चष्मा पुसून दोन्ही आकडे ताडून पाहिले. "अगं, शेवटचा आकडा वेगळाय."

"मग बरोबर! तू वायफायचा डबासुद्धा बंद केलास ना? चालू झाल्यावर तो नव्याने पत्ते वाटतो. तुमच्या प्रिंटरला दुसरा पत्ता मिळाला आणि तुम्ही सगळे जुन्या घराची कडी वाजवताय. आता एकेका कॉम्प्युटरवर नवा पत्ता घाल, नाहीतर प्रिंटरलाच जुना पत्ता कायमचा देऊन टाक."

"जुनाच देते. ह्यांच्या कॉम्प्युटरना कोण हात लावतंय!"

जुना पत्ता दुसऱ्या कोणाला गेलेला नाही, हे प्रांजलने तपासून घ्यायला लावलं. मग प्रिंटरच्या पडद्यावर कुंदाने बोटाने आकडे भरले आणि तो बंद करून चालू केला. क्षणभर शांतता. आणि मग धो धो कागद! रागाच्या भरात ती जितक्या वेळा बटण दाबत राहिली होती, तितक्या वेळची चलनं एकामागून एक बाहेर पडू लागली. दीप्ती ओरडली, "ताई, माझंपण आलं! झकास!"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. तेवढ्यात सुबोध पुटपुटला, "माझं ऑफलाइन दाखवतंय."

कुंदा सावकाश वळली. "दाखवणारच. साहेब, प्रिंटरचा पत्ता बदलला होता. मी जुना परत दिला, तर सगळ्यांचं चालू झालं. ह्याचं एकट्याचंच बंद का पडलं? कारण ह्याने दसऱ्यानंतर आपल्यापुरता नवा पत्ता घालून घेतला होता. ह्याला सगळं ठाऊक होतं!"

"मला कोणी विचारलं नाही," सुबोध पडद्याकडे बघत म्हणाला.

"रोज तुझ्या टेबलापाशी उभी होते रे मी!"

साहेब केबिनमध्ये परतले. थोड्या वेळाने त्यांनी कुंदाला केबिनमध्ये बोलावलं. "ते गोवंडीचं राहू द्या. पूजाही करा."

कुंदा दारातच उभी राहिली. "बाहेर येऊन सांगा."

"अहो ताई, सांगितलं ना आता..."

"ठपका सगळ्यांसमोर ठेवलात. काढायचा तर तिथेच काढा. नाहीतर सोमवारी गोवंडीला जाते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि बाहेर आले. दोनच वाक्यं बोलले, तीही पंख्याकडे बघत. सुबोधने मान वर केली नाही. कुंदा आपल्या खुर्चीत बसली, खिडकीतून खाली ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, "बोंबलू नकोस, आणते!" आणि चलनांचा गठ्ठा उचलून जिन्याकडे निघाली.