कदमबाईंच्या वहीतलं सातवं पान

इंदुमती कदम यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी लेख मागितला तेव्हा मी लगेच होकार दिला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. लिहायला बसते, उठते, चहा टाकते, पुन्हा बसते. कारण प्रत्येक वाक्यापुढे बाईंचा प्रश्न ऐकू येतो, "कुणी सांगितलं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो दहावीच्या वर्षी. आम्ही तेव्हा सांगलीजवळ माधवनगरला राहायचो. इतिहासात माझी दांडी उडणार अशी घरच्यांची खात्री होती, म्हणून वडिलांनी मला बाईंकडे नेऊन बसवलं. 'बसवलं' म्हणायचं एवढंच. मी खो-खो खेळणारी पोर, एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. बाईंनी चार दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगणात फिरत सांग. पण जे सांगशील ते कुणी सांगितलं, तेही सांग." वर्षभर मी त्यांच्या तुळशीभोवती फेऱ्या मारत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकले. बाई पायरीवर बसून शांतपणे मान वळवत राहायच्या.

बाई एका वेळी एकालाच शिकवतात. क्लास काढा म्हणून लोकांनी किती विनवण्या केल्या! त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "दोघं आले की एक बोलतो आणि दुसरा तेच खरं मानतो." कुपवाडच्या कारखान्यात काम करणारी संगीता बाहेरून बारावीला बसली होती. तिला वेळ मिळायचा तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. तर बाईच कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन बसायच्या. डबा खात खात संगीता राज्यशास्त्र शिकली आणि पास झाली. हे मला संगीतानेच सांगितलं. बाई असलं काही स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत.

बाईंची एक काळ्या पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला जुन्या दिवसांबद्दल विचारायचं आणि लिहून आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. आवडलेलं टिपण त्या स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवतात आणि खाली लिहितात, सांगणार कोण, विचारणार कोण. नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्या वहीतलं सातवं पान वाचून दाखवतात. ते पान माझं आहे.

त्यात माझी आजी सांगते, की ती मिलच्या भोंग्यावर भाकरीला बसायची. मिल बंद पडली आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही, तेव्हा ती पीठ मळून तशीच चुलीपुढे बसून राहिली. वाचताना बाईंचा आवाज दर वेळी घोगरा व्हायचा.

आजीने हे कधीच सांगितलं नव्हतं.

टिपण न्यायचं त्या दिवशी माझा खो-खोचा सामना होता. आजी आतल्या खोलीत मेथी निवडत होती. उठून दहा पावलं जायचं होतं. मी गेले नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून पंधरा मिनिटांत सगळं मनाने ठोकून दिलं आणि पळाले. पुढच्या वर्षी आजी गेली. पंचवीसेक वर्षं मी ते पान पोटात ठेवून वावरले. आज मी साताऱ्यात शिक्षिका आहे आणि मुलांना 'पुरावा द्या' म्हणून दटावते. काय म्हणावं या कर्माला!

गेल्या महिन्यात ग्रंथाच्या संपादकांचा फोन आला. "सातवं पान मलपृष्ठावर घेतोय. आजींचा फोटो पाठवा." तीन दिवस मी फोटो पाठवला नाही. चौथ्या दिवशी सांगलीची एसटी धरली. आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं फार वाटलं.

बाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, त्या हसून सोडून देतील. बाई चिडल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मला फसवलंस त्याचं सोड. त्या माउलीला बोलू दिलं नाहीस गं तू!" मग म्हणाल्या, "आणि मी? तुमचं घर हाकेवर होतं. मी एकदा येऊन विचारलं नाही. पान आवडलं ना मला!" शेवटी म्हणाल्या, "तुझी आत्या कुपवाडला असते ना? ऊठ. आत्ताच्या आत्ता जा."

मी रिक्षा करून गेले. आत्याने सातवं पान ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं, कुणी सांगितलं हे तुला? आई कुटं हुती घरात! ती सवता जायची मिलमधी, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. भोंगा तिच्यासाठीच वाजायचा. भाकऱ्या आमचं आबा थापायचं. लय वाकड्यातिकड्या!"

"मग आजी कधी बोलली कशी नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई, तर सांगंल कुणाला?"

मी पाच वर्षांची असताना मिल बंद पडली. आजीच्या हातांवर सुताने कापल्याच्या रेघा होत्या. मी त्या रोज पाहत होते, आणि कागदावर तिला चुलीपुढे नेऊन बसवलं.

संध्याकाळी बाईंनी सातव्या पानावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली. पान फाडलं नाही. खाली लिहिलं, 'हे आजींनी सांगितलेले नाही.' नव्या पानावर आत्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मग जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. "मी कदमबाई. सातवं पान चुकीचं होतं. खरं काय ते लिहून घे." फौजेतला एक जण म्हणाला, "बाई, ड्युटीवर हाय, सांजच्याला करू का?" बाई म्हणाल्या, "कर. पण कागद घेऊन बस."

मला लाजेने बसवेना. म्हटलं, "बाई, मोबाइलवर सगळ्यांना एकच निरोप टाकते. मिनिटात होईल."

"एकेकाला शिकवलंय," बाई म्हणाल्या, "एकेकालाच सांगणार."

आता रोज दोन-तीन फोन होतात, मग त्यांचा घसा बसतो. यादी लांबलचक आहे. बाईंना निरोगी आयुष्य लाभो आणि आवाज खणखणीत राहो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. यादीत माझं नाव बाईंनी मुद्दाम अगदी शेवटी लिहिलं आहे. मला सगळं ठाऊक आहे, तरी मलाही फोन येणार आहे आणि मीही कागद घेऊन बसणार आहे. तो फोन यायला खूप खूप वर्षं लागोत.